आधी लगीन रंध्याचं

अमेरिकेतल्या घराला गाडी ठेवण्यासाठी एक खोली असते आणि त्या खोलीत गाडी सोडून सगळे असते. आमच्या न्यू जर्सीतल्या गल्लीत जानेवारीत एक चक्कर मारा. चाळीस-पन्नास हजार डॉलरच्या गाड्या बाहेर बर्फात कुडकुडत उभ्या असतात आणि आत उबेला बसलेले असतात एकदाच वापरलेले ट्रेडमिल, चाके गेलेल्या सुटकेसा, मागच्या गणपतीचे मखर आणि घरचा कर्ता पुरुष. मराठी पुरुष पंचेचाळिशीला आला, ग्रीन कार्ड झाले, मुलगी कॉलेजात गेली, की त्याला या खोलीची ओढ लागते. मुंज, लग्न, गॅरेज असा क्रम आता धर्मशास्त्रात घालायला हरकत नाही. कुणी तिथे बिअर आंबवतो, कुणी सायकल खोलतो (जोडत नाही), कुणी पथकाच्या नावाखाली ढोल बडवतो. मी लाकडाच्या नादी लागलो.

निमित्त गणपतीचे. मूर्तीसाठी पाट हवा होता.

"ओक ट्री रोडला जाणारच आहोत, तिथून घेऊन येऊ," बायको म्हणाली. ओक ट्री रोड म्हणजे आमचा एडिसन-इझलिनमधला लक्ष्मी रोड. पाटापासून पाटा-वरवंट्यापर्यंत सगळे मिळते.

"पाट विकत आणायचा?" मी म्हणालो. "पाट म्हणजे काय? एक फळी आणि खाली दोन पट्ट्या. त्यात काय एवढं?"

'त्यात काय एवढं' या तीन शब्दांनी मराठी माणसाचे जेवढे नुकसान केले आहे, तेवढे पानिपतानेही केले नसेल. बायको काही बोलली नाही. तिने फक्त फोनवर गणेश चतुर्थीची तारीख बघितली आणि फोन पालथा ठेवला.

लाकूड आणायला गेलो. या देशातली लाकडाची मापे हा एक स्वतंत्र विनोद आहे. ज्याला सगळे 'टू बाय फोर' म्हणतात ती पट्टी मोजली तर दीड बाय साडेतीन इंच भरते. वाळवून, घासून कमी झाली, असे सांगतात. बिल करताना मात्र दोन बाय चारच. चांगल्या लाकडाच्या वखारीत तऱ्हा आणखी वेगळी. तिथे जाडी पाव इंचात मोजतात. दोन इंच जाड फळी हवी असेल तर 'एट क्वार्टर' मागायची; आठाला चाराने भागण्याचे काम गिऱ्हाइकाचे. मी इंजिनिअर असल्यामुळे अर्थातच नको ती जाडी घेऊन आलो. एक इंचाने भागले असते तिथे दोन इंची मॅपल, उचलताना कंबर बोलली. फळी अंगाने खडबडीत, मधे किंचित खोलगट. गणपतीचे सोडा, त्याचा उंदीरही तिच्यावर बसायला राजी झाला नसता. तिच्यावर रंधा मारणे आले.

इथे सरळ माणूस दुकानात जातो आणि रंधा घेऊन येतो. मी आधी शेजारच्या आजोबांकडे गेलो.

हे अमेरिकन आजोबा निवृत्त आहेत आणि गॅरेजच्या बाबतीत आमच्या गल्लीचे शंकराचार्य आहेत. त्यांची सगळी हत्यारे भिंतीवरच्या फळ्याला टांगलेली असतात आणि प्रत्येकामागे त्याची आकृती रंगवलेली असते. एखादी पटाशी जागेवर नसली तर तिथे तिचे भूत दिसते. गेली कित्येक वर्षे मी त्यांना रोज सकाळी गॅरेजात शिरताना पाहतो. तिथे त्यांनी स्वतः केलेली वस्तू मला एकच दिसली. हत्यारे टांगायचा फळा.

"विकत घेणार?" आजोबांनी अशा सुरात विचारले की मला स्वतःच्या पगाराची लाज वाटली. "विकत कशाला? स्वतः कर. दुपारभराचं काम आहे."

म्हणजे 'त्यात काय एवढं' इंग्रजीतही आहे. आजोबांनी कपाटातून जेम्स क्रेनॉव्हचे पुस्तक काढून माझ्या हातात ठेवले.

हा क्रेनॉव्ह म्हणजे या पंथाचे मूळपीठ. जन्म 1920चा, सैबेरियाच्या पार टोकाला असलेल्या ऊलेन गावातला. बालपण अलास्कात, तारुण्य सिॲटलमध्ये. 1947मध्ये स्वीडनला गेला, तिथे कार्ल माल्मस्टेनच्या शाळेत सुतारकाम शिकला, 1976मध्ये 'अ कॅबिनेटमेकर्स नोटबुक' लिहिले आणि 1981मध्ये कॅलिफोर्नियात, फोर्ट ब्रॅगला, कॉलेज ऑफ द रेडवुड्समध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम सुरू केला. त्या पुस्तकाने किती सुखवस्तू अमेरिकनांचे नोकरीतले लक्ष उडवले याची गणती नाही. क्रेनॉव्ह आपले रंधे स्वतः करायचा. रीत वाचायला सोपी आहे. लाकडाचा ठोकळा घ्यायचा, दोन्ही बाजूंचे गाल कापून काढायचे, मधला भाग तिरपा कापून पात्यासाठी 45 अंशांचा उतार करायचा, आणि मग सगळे पुन्हा होते तसे चिकटवायचे. एक आडवी दांडी, एक पाचर, एक पाते. झाला रंधा. म्हातारपणी नजर अधू झाली तेव्हाही तो हाताच्या अंदाजाने रंधे करत राहिला.

त्याचे रंधे बाहेरून ओबडधोबड असत. यंत्राच्या करवतीवर कापले, चाकूने दोन-चार ठिकाणी तासले, मुठीत नीट बसले की पुरे, कारण त्याला पुढे कपाट करायचे असे. चेले नेमके तेवढेच विसरले. आज त्याच्या पद्धतीचा म्हणून जो रंधा लोक करतात त्याला तेल काय, मेण काय, शिसवीची पाचर काय! कपाटाचे विचारा. "पुढच्या वर्षी."

मी कामाला लागलो. रंधा करायचा तर ठोकळा सपाट हवा. ठोकळा सपाट करायचा तर रंधा हवा. ही अडचण मी आजोबांच्या कानावर घातली.

"माझा रंधा घेऊन जा की," ते म्हणाले.

"पण तो मिळाला तर मग मी सरळ पाटच..."

"काय म्हणालास?"

"काही नाही."

तानाजीने 'आधी लगीन कोंढाण्याचं' म्हटले आणि एका रात्रीत कोंढाणा घेऊन दाखवला. माझ्या बाबतीत कोंढाणे वाढत चालले. गाल सरळ कापायला यंत्राची करवत हवी. करवतीला टेबल हवे. चिकटवलेले तुकडे दाबून धरायला शिकंजे हवेत, आणि शिकंज्यांबाबत असा नियम आहे की जितके आहेत त्याहून दोन कमीच पडतात. शिकंजे झाले की ते टांगायला भिंतीवर फळा हवा. (फळा मी केला. उत्तम झाला.) इकडे रायबाची मिशी पांढरी व्हायची वेळ आली.

डिंक लावल्यावर लाकडाला पाय फुटतात हे पुस्तकात लिहिलेले असते. वाचताना मात्र ते खरे वाटत नाही. शिकंजा आवळला की डावा गाल पुढे, तो मागे ढकलला की उजवा खाली. वाळल्यावर जे हाती आले त्याचे तोंड वाकडे होते. रंध्याचे तोंड म्हणजे तळाची, पात्यापुढची फट. ती जितकी अरुंद तितके काम साफ, असे सगळे जाणकार सांगतात. माझी फट इतकी अरुंद निघाली की पातेच बाहेर येईना. कानस घेऊन जरा मोठी करायला गेलो. जराची आणि कानशीची कधी भेट झालेली नाही.

"हे काय?" बायकोने तळ उलटा करून विचारले.

"तोंड."

"जबडा आहे हा," ती म्हणाली आणि करंगळी आरपार घालून दाखवली.

मग तिथे लाकडाचा तुकडा चिकटवून फट बुजवायची. तो तुकडा कापायला जपानी करवत, आणि जपानी करवत आणायला गेलेला माणूस एकटी करवत घेऊन परत येत नाही.

पुढे तळ सपाट करणे. त्यासाठी काचेवर सँडपेपर चिकटवून त्यावर रंधा घासायचा असतो, तोही पाते किंचित आत ओढून आणि पाचर ठोकलेल्या अवस्थेत, कारण पाचरीच्या ताणाने लाकूड वाकते. घरात सपाट काच एकच होती, जेवणाच्या टेबलाची. आम्ही काही काळ भारतीय बैठकीने जेवलो. बायकोने त्या निमित्तानेही पाटाची आठवण करून दिली. घासघासून तळ आरशासारखा केला आणि जुलै उजाडला. न्यू जर्सीचा जुलै दमट असतो, मॅपल ओल पितो. तळाला पुन्हा पोट आले. लाकडी रंधा ही एकदा करायची गोष्ट नाही, ती ऋतूप्रमाणे करत राहायची गोष्ट आहे, असे आजोबा म्हणाले, आणि म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मला आवडला नाही.

पात्याची गोष्ट त्याआधीची. त्यासाठी मी लॅम्बर्टव्हिलच्या जुन्या बाजारात गेलो. नवे पाते मिळत नाही असे नाही. फोर्ट ब्रॅगमध्येच रॉन हॉक नावाचा चाकू करणारा गृहस्थ क्रेनॉव्हच्या विद्यार्थ्यांसाठी पाती करू लागला आणि त्याचा धंदाच झाला. पण मला वाटले, जुन्या रंध्याचे पाते स्वस्तात मिळेल. तिथे संग्राहक नावाच्या जमातीशी गाठ पडली. कनेक्टिकटमधल्या न्यू ब्रिटनच्या स्टॅन्ले कंपनीने 1869मध्ये लेनर्ड बेली याचे पेटंट घेतले आणि लोखंडी रंधे करायला सुरुवात केली. एक ते आठ असे त्यांचे चढते आकार. यातला एक नंबरचा रंधा जेमतेम साडेपाच इंचांचा, मूठ धरली तर बोटे मावत नाहीत. सगळ्यांत निरुपयोगी तोच, म्हणून सगळ्यांत महाग तोच. चांगल्या स्थितीतला हजार डॉलरच्या वर जातो.

मी मखमलीवरचा तो रंधा बघून मालकाला विचारले, "चालतो का?"

मालक दचकला. "चालवायचा नसतो," तो म्हणाला आणि मखमल स्वतःकडे ओढली.

याच देशात अठराव्या शतकात, मॅसॅच्युसेट्समधल्या रेंथम गावी, सीझर चेलर नावाचा कृष्णवर्णीय कारागीर होता. तो फ्रान्सिस निकल्सन या रंधे करणाऱ्याचा गुलाम. निकल्सन 1753मध्ये वारला आणि त्याच्या मृत्युपत्राने चेलरला स्वातंत्र्य, दहा एकर जमीन, हत्यारे आणि लाकूड मिळाले. पुढे 1784मध्ये मरेपर्यंत चेलर स्वतःच्या नावाचा आणि गावाचा शिक्का मारून रंधे विकत राहिला. त्याच्याकडून ज्यांनी रंधे नेले त्यांनी दारे केली, खिडक्या केल्या, चौकटींना नक्षी केली. चेलरच्या गिऱ्हाइकांत माझ्यासारखा कुणी असता तर त्याला धंद्याची चिंता नव्हती. मी पहिला रंधा नीट करायलाच दुसरा रंधा घ्यायला आलो असतो.

शेवटी पाते नवेच घेतले. त्याला धार लावण्याचे दगड तीन: 1000, 4000 आणि 8000 नंबरचे, पाण्यात भिजवून वापरायचे. ते बेसिनमध्ये भिजत पडले की भांडी घासता येत नाहीत, हा वाद मी इथे वाढवत नाही. मुद्दा धार बघण्याचा आहे. ती हातावरचे केस भादरून बघतात. उजव्या हातात पाते, म्हणून डावा हात. हळूहळू माझा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत तुळतुळीत झाला. वार्षिक तपासणीला डॉक्टरने तो हात दोनदा उलटसुलट केला आणि त्वचारोगतज्ज्ञाचा पत्ता दिला. पण याचा एक फायदा झाला. मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात प्रसादाच्या रांगेत पुढच्या गृहस्थाने द्रोण घ्यायला डावा हात पुढे केला. गुळगुळीत! आमची नजरानजर झाली.

"O1 की A2?" त्याने हळूच विचारले. या पोलादाच्या जाती.

"O1."

मागून त्याची बायको म्हणाली, "अहो, पुढे सरका." मग माझ्या बायकोकडे वळून, "तुमचेही?" दोघींनी एकमेकींचा हात हातात घेतला. त्या दिवसापासून त्या मैत्रिणी आहेत.

पाते बसवण्याची रीत मात्र मला मनापासून आवडली. लाकडी रंध्याला स्क्रू नसतो. पाते पुढे हवे असेल तर हातोडीने पात्याच्या डोक्यावर टिचकी मारायची, मागे हवे असेल तर रंध्याच्या पाठीवर, आई पोराला घालते तसा धपाटा घालायचा. मारले पाठीत, मागे येते पाते. इ.स. 79मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेईतही रंधे सापडले आहेत. दोन हजार वर्षांत रंध्याची रचना फारशी बदललेली नाही. माझ्या रंध्यात जे काही वेगळे होते ते नजरचुकीने.

आणि एका रविवारी तो चालला. पाते टिचकी-धपाटा, टिचकी-धपाटा करत जागेवर आले, मी फळीवर रंधा लोटला आणि तोंडातून लाकडाची लांबलचक साल सळसळत वर आली. रेशमासारखी वगैरे लिहिण्याचा मोह मी टाळतो, पण ती साल उजेडात धरली तेव्हा पलीकडचा बायकोचा रागीट चेहरा स्पष्ट दिसत होता. आता हे सांगितलेच पाहिजे: या पंथात फळी कशी झाली हे कुणी विचारत नाही, साल किती पातळ निघाली ते विचारतात. जपानात तर केझुरोकाई नावाच्या मेळाव्यात लोक सालीची जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात. दहा मायक्रॉनच्या आतली निघते. माणसाचा केस सत्तर-ऐंशीच्या घरातला. मी आजोबांना साल दाखवली. त्यांनी खिशातून मायक्रोमीटर काढला. तो त्यांच्या खिशात का होता हे विचारायला मी विसरलो.

"जाड आहे," ते म्हणाले.

मी पाते पुन्हा धारेला लावले. पुन्हा फळीवर. पुन्हा मायक्रोमीटर. फळी होती, रंधा होता, लाँग वीकेंड होता.

"पाट झाला का?" संध्याकाळी बायको गॅरेजच्या दारात आली. मी गुडघाभर सालींमध्ये उभा होतो. त्या भल्या दोन इंची मॅपलचे जे शिल्लक होते त्याचा पाट होणे शक्य नव्हते. फार तर पट्टी. मी बोटाने सालींचा ढीग दाखवला. "हा काय, इथंच आहे सगळा."

गणपतीच्या आदल्या दिवशी ओक ट्री रोडवरून पाट आला. सागाचा, पितळी फुल्यांचा, आणि खाली बघितले तर एक फळी आणि दोन पट्ट्या. त्या साली मात्र वाया गेल्या नाहीत. बायकोने त्यांची वेटोळी करून मखराला लावली. आरतीला आलेला प्रत्येक जण मूर्तीच्या आधी मखराकडेच बघत होता.

"अगंबाई! ही फुलं कुठून आणलीस? किती नाजूक!"

"घरीच केलीत," बायको म्हणाली. "फार महाग पडतात पण."

खरेच पडली. मेन राज्यातल्या वॉरन गावी ली-नील्सन नावाची कंपनी 1981पासून देखणे पक्के रंधे करते, तीनशेहून अधिक डॉलरला एक. माझ्या घरगुती, फुकटच्या रंध्याच्या खर्चात त्यांचे तीन आले असते आणि वर ओक ट्री रोडचे सगळे पाट.

तरीही रंधा झाला होता आणि तो कुणाला तरी दाखवायचाच होता. सांगलीला आईला व्हिडिओ कॉल लावला. योगायोगाने आमच्या जुन्या सुतारमामांकडून ती स्वयंपाकघरातले कपाट करून घेत होती. मामांनी आमच्या लग्नातला पलंग केलेला. माझा रंधा बघणारा खरा जाणकार आता भेटला असे वाटून मी आईला फोन त्यांच्याकडे द्यायला लावला. रंधा चारी बाजूंनी फिरवला. उतार दाखवला, पाचर दाखवली, जबडा बोटाने झाकला.

मामा बराच वेळ बघत राहिले. मागे कर्कश आवाजात त्यांचा मुलगा विजेचा रंधा चालवत होता, प्लाय आणि सनमायकाचे ढीग पडले होते.

"चांगला झालाय की," मामा म्हणाले. "कुणाचा?"

"माझा. मी केला. स्वतः."

मामांनी फोन थोडा बाजूला धरला, पण आवाज येत होता. "वहिनी, साहेबांची नोकरी हाय न्हवं?"

"आहे रे बाबा आहे," आई म्हणाली. "छंद आहे त्याचा."

"मामा, तुमचा जुना लाकडी रंधा होता ना, तुमच्या वडिलांचा? मुठीला गुळगुळीत झालेला?" मी विचारले. लहानपणी आमच्या अंगणात त्याच्या साली गोळा केलेल्या मला आठवत होत्या.

"तो व्हय? गेल्या पावसाळ्यात बंबात घातला. लई चांगला पेटला बघा."

तेव्हा वाचकहो, एक विनंती. तुमच्या गावाकडे, माळ्यावर, एखाद्या सुताराच्या जुन्या पेटीत लाकडी रंधा पडला असेल तर तो बंबात घालू नका. अमेरिकेला येणाऱ्या कुणाबरोबर तरी पाठवून द्या, योग्य ती किंमत मी देईन, आईला कळू न देता. फक्त तो चेक-इन बॅगेत टाकायला सांगा. हत्यारे विमानाच्या केबिनमध्ये नेऊ देत नाहीत आणि पाते तर नाहीच नाही.